केल्टिक गोत्राची गाडी

एका शब्दावर जीव ओवाळून टाकणारा माणूस नाशकात शोधू गेल्यास तो शोध माझ्या थोरल्या साडूंपाशीच संपेल, असे मी भीतभीत का होईना, म्हणू इच्छितो. तो शब्द म्हणजे 'कार्रोस', अर्थात गाडा. युरोपातल्या केल्टिक भाषांच्या मूळ बोलीतला हा शब्द लिहिलेला कोणीच पाहिलेला नाही. नातवंडांची नाके पाहून पणजोबांचे नाक ठरवावे, तसा तो विद्वानांनी ठरवला, आणि म्हणून त्याच्या आधी एक तारा काढतात. "तारा म्हणजे काय? पाहिलं कुणी नाही, पण होतं नक्की!" हे साडू रिक्षावाल्यालाही ऐकवीत. तोच तारा त्यांनी आपल्या जुन्या मोटारीच्या पुढे रंगवला, आणि सिग्नलवरचा हवालदार त्यांना सलाम ठोकू लागला.

आयरिश आणि वेल्श शब्द तर त्याची सख्खी नातवंडेच. पण लॅटिनमार्गे आलेली आपली कार, कार्गो, फार काय मोबाइलचा चार्जरही त्याच कुळातला. भाचीला बघायला आलेला मुलगा 'करिअर' म्हणताच साडू आनंदाने ओरडले, "म्हणजे मुळात गाडीवाट!" मुलगा चहा टाकून निघाला. होकार मात्र आला.

गेल्या दसऱ्याच्या पूजेत गुरुजींनी गोत्र विचारले. "माझं वसिष्ठ, हिचं केल्टिक," साडूंनी मोटारीकडे बोट केले.

"अहो, गोत्र यजमानाचं असतं."

"का? हिनं काय तुमचं घोडं मारलंय?"

"गुरुजी, म्हणून टाका," मेहुणीबाई आतून म्हणाल्या, "नाहीतर हे उगमापासून सुरू करतील."

यंदा डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी साडूंचे गाडी चालवणे बंद केले आणि मेहुणीबाईंनी ती वणीच्या एका टोमॅटोवाल्याला देऊन टाकली.  त्यानंतर कोणी चार्जर मागितला, तर साडू तो नुसताच हातात देत. गाडीबरोबर शब्दही गेला की काय, या धास्तीने आम्ही त्यांच्यापुढे मुद्दाम 'करिअर, करिअर' म्हणून पाहिले, व्यर्थ.

यंदाच्या दसऱ्याला मी सोने द्यायला गेलो, तोच त्यांचा फोन वाजला. टोमॅटोवाला होता. "काका, गाडी झेंडूनं मढवली बघा. भटजी गोत्र इचारू ऱ्हायले. माझं सांगितलं, पण हिचं तुम्ही सांगितलेलं इसरलो ना!"

"केल्टिक!" साडू असे गरजले की समोरच्या गॅलरीतली कबुतरे उडाली. मग त्याला त्यांनी उगमापासून ऐकवायला सुरुवात केली. बिचारा ऐकत राहिला.

फोन ठेवून ते फाटकाशी गेले. मोटारीच्या रिकाम्या जागी तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता. त्यांनी रांगोळी मागवली आणि खाली बसून, अंदाजानेच, डागाच्या आधी एक वाकडा तारा काढला.

"हं," हात झटकत ते मला म्हणाले, "आणा आता सोनं."