भावाच्या फळ्यावरची शेवटची ओळ

दारव्ह्याच्या बाजारपेठेत माझं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दाराशी एक काळा फळा टांगलेला असतो. त्यावर रोज सकाळी मी कापूस, सोयाबीन आणि तुरीचा भाव खडूनं लिहितो. भाव बघायला थांबलेला माणूस कधी कधी आत येऊन काही घेतोही. सहा-सात वर्षांपूर्वी एका सकाळी तुरीच्या खाली थोडी जागा उरली होती. मला काय सुचलं कोण जाणे, तिथं मी लिहिलं, ‘सध्या वाचतोय’, आणि त्यापुढं हातातल्या कादंबरीचं नाव.

पहिल्या दिवशी एका शेतकऱ्यानं ती ओळ नीट वाचली आणि आत येऊन विचारलं, “भाऊ, हे कोनतं वाण हाय? नवीन आलं का?” मी म्हटलं, बियाणं नाही, पुस्तक आहे. तो म्हणाला, “मंग भावाखाली कायले लिवलं?” पण ओळ मी पुसली नाही.

हळूहळू लोकांना सवय झाली. बाजाराच्या दिवशी नवीन नाव यायचं. शाळेतल्या बाई थांबायच्या, एसटीचे एक कंडक्टर थांबायचे, आणि गावातल्या वाचनालयात ‘फळ्यावरचं पुस्तक’ मागायला लोक जायला लागले. वाचनालयातले गृहस्थ एकदा वैतागून म्हणाले, तुमच्यामुळं लोक बाकीच्या कपाटांकडे बघतच नाहीत. मी वरवर दिलगिरी दाखवली आणि घरी येऊन बायकोला हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती उठून आत गेली.

खरं सांगायचं तर पुढं पुढं माझं वाचन आटलं. कारण सांगायला लाज वाटते, पण कारण मोबाईल. दुपारी गिऱ्हाईक नसताना पुस्तक उघडायचो, दोन पानांनी हात आपोआप खिशात जायचा. फळ्यावरचं नाव मात्र बदलायलाच हवं होतं. मग मी वाचनालयातून पुस्तक आणायचो, मागचा मजकूर वाचायचो, तीसेक पानं चाळायचो आणि फळ्यावर नाव चढवायचो. दुसऱ्या बाजारी त्याच्यापुढं लिहायचो, ‘संपवली. फार छान.’ कोणी विचारलं तर “तुम्हीच वाचा, मी सांगितलं तर मजा जाईल,” असं म्हणून वेळ मारून न्यायचो. हे वाक्य फार कामाचं आहे.

माझ्या शेजारच्या गाळ्यात फवारणीचे पंप आणि विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणारा एक जण बसतो. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो, वीस वर्षं असंच चाललंय. भाई स्वतः फारसा वाचणारा नव्हता. वाचणारी त्याची बायको. भाभी मराठी शाळेत शिकलेली, आणि लग्नानंतर सगळं आवरून दुपारी पुस्तक घेऊन बसणारी. भाई वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तकं न्यायचा. कोणती न्यायची हे माझ्या फळ्यावरून ठरायचं. पुढं साखरेच्या आजारानं भाभीची नजर गेल्यातच जमा झाली आणि मग किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला जावं लागायचं. सकाळी पहिल्या काळीपिवळी जीपमध्ये दोघं बसायची. तिथं चार तास ती मशीनला लागलेली असायची आणि भाई स्टुलावर बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा. “बाजूच्या खाटेवरची मान्संबी ऐकतात, भाऊ,” तो मला सांगायचा. “एक आजी तं म्हन्ते, तुमी नाई आले तं मले करमत नाई.”

त्याच दिवसांत मी एक जाडजूड कादंबरी फळ्यावर लिहिली होती. तिचं नाव इथं सांगत नाही. नाव ऐकून कोणी शोधायला जाईल, आणि ती जबाबदारी मला आता पुन्हा नको. नदीकाठच्या गावात होडी चालवणारा एक नवरा आणि त्याची बायको, यांची ती गोष्ट. नवरा मुखदुर्बळ, बायको बोलघेवडी. ती होडीला डांबर लावते आणि तो शेजारी बसून नुसता बघतो, असं एक पान सुरुवातीलाच आहे. मला ते फार आवडलं. मी चाळीस पानं वाचली आणि पुस्तक परत केलं. फळ्यावर लिहिलं, ‘संपवली. फार छान.’

भाईनं दुसऱ्याच दिवशी ते नेलं. मग यवतमाळहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना तो मला कुठपर्यंत आलं ते सांगायला लागला. “भाऊ, काल थो पूर येते ना, तेवढं झालं. तुमाले आठवते न?” आठवते म्हणजे काय, असं म्हणून मी लगेच कुठलंतरी पोतं हलवायला आत जायचो. जास्त बोललो तर पकडला जाईन ही भीती. त्याला वाटायचं, मोठे वाचणारे असेच कमी बोलतात.

एक दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. सरळ माझ्याकडे आला आणि गल्ल्यापलीकडे उभा राहिला.

“भाऊ, तुमी मले सांगाले पाह्यजे होतं.”

“काय?”

“त्या बाईले खोकला सुरू झाला तवा मले शंका आली. मी पुढची पानं पाह्यली. ते मरते. तुमाले ठावं होतं, आन् तुमी लिवलं, फार छान.”

मला ठाऊक नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की मी पुस्तक वाचलंच नव्हतं हे आलं, आणि मग आधीची किती पुस्तकं वाचली नव्हती हेही आलं. मी मान खाली घातली. निर्दय ठरलो ते मला चाललं, न वाचणारा ठरणं चाललं नाही. त्या दिवसाचा मला अजून राग येतो, स्वतःचाच.

भाई पुढं म्हणाला, “मी तिले सांगतलं, शेवटची पानं फाटली हायेत. तिनं इचारलं तं तुमी बी सांभाळून घ्या.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाभी स्वतःच दुकानात आली. भाईनं तिचा हात धरून पायरी चढवली. मी खुर्ची पुसून दिली. ती सावकाश बसली, ओढणी सावरली, आणि माझा आवाज जिकडून आला तिकडं तोंड करून म्हणाली, “भाऊ, आमच्या पुस्तकाची पानं फाटली हायेत. तुमी तं पूर्न वाचलं. शेवटी काय होते?”

भाई तिच्या मागं उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याची नजर मला अजून दिसते, इतकं मागणं मी कोणाच्या डोळ्यात पाहिलेलं नाही. मी घसा साफ केला आणि शेवट रचायला लागलो. बाईचा खोकला बरा होतो, म्हटलं. गावातले लोक तिला औषध आणून देतात. मग एका सकाळी नवरा तिला होडीत बसवतो, दोघं पलीकडच्या काठावर जातात आणि तिथं नवीन घर बांधतात. बोलता बोलता मला माझाच शेवट आवडायला लागला. घरासमोर मी एक कडुलिंबही लावला.

भाभीनं मान जरा तिरकी केली.

“कोनत्या होडीत?” तिनं विचारलं.

“त्याच्याच.”

“होडी तं पुरात गेली, भाऊ. अर्ध्या पुस्तकातच.”

भाईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, फळ्यासकट जमिनीत गडप व्हावं. भाभी मात्र हसत होती. मग ती मागं वळून म्हणाली, “तुमी जरा चहाचं सांगून या न.” भाई चहाचं सांगायला गेला. त्याची पावलं दूर गेल्याची खात्री होईपर्यंत ती गप्प राहिली.

“तुमी वाचलं नाई,” ती म्हणाली.

“चाळीस पानं वाचली, भाभी.”

“ते मरते हे मले केव्हाचंच समजलं. मी का कमी पुस्तकं वाचली? आमच्या ह्यायचा आवाज त्या पानाजवळ आला का अडकते, आन् मंग हे म्हन्तात पानं फाटली. माह्यासाठी खोटं बोलून राह्यले बिचारे.” ती थांबली. “मले तिचं नाई पाह्यजे, भाऊ. बायको गेल्यावर त्या नवऱ्याचं काय होते, मले ते पाह्यजे. थो जेवते का? कोनाशी बोलते का? हे मले ह्यायच्या तोंडून आयकवत नाई, आन् ह्यायले वाचवत नाई. तुमी वाचा. पयल्या पानापासून वाचा, आन् मंग मले शेवट वाचून दाखवा.”

चहा आला. भाईही परत आला, तिघांनी प्यायला. त्या बाजारी फळ्यावरची शेवटची ओळ मी ओल्या फडक्यानं पुसली.

पुस्तक मी भाईकडून मागून आणलं आणि पाच दिवसांत वाचलं. मोबाईल घरी ठेवून दुकानात यायचो. गिऱ्हाईक आलं तर बोट पानात ठेवूनच औषध काढून द्यायचो, आणि एकाला तणनाशकाऐवजी कीटकनाशक देता देता राहिलो. मी ज्या पुराबद्दल “आठवते म्हणजे काय” म्हणत होतो, तो पूर वाचताना मी रडलो. इतकी वर्षं फळ्यावर ‘फार छान’ लिहिणारा मी, पण काहीतरी खरोखर छान वाचलं की ते लगेच कोणाला तरी सांगावंसं वाटतं, हेच विसरून गेलो होतो. आणि ज्याला सांगायचं तो शेजारच्या गाळ्यात पंपाचा वायसर बदलत बसला होता. त्याला काही सांगायचा हक्क मी घालवून बसलो होतो.

सहाव्या दिवशी काळीपिवळीत मी त्या दोघांसोबत बसलो. दवाखान्यात भाभीला मशीन लावली, आणि भाई म्हणाला, “मी पंपाचं सामान पाहून येतो बाजारातून.” तो गेला. स्टुलावर बसून मी वाचायला लागलो. पुस्तकातली ती बाई अर्ध्या पानात जाते. लेखक तिथं फार रेंगाळत नाही. पुढची सगळी पानं त्या नवऱ्याची आहेत. तो रोज सवयीनं नदीवरून दोन घागरी आणतो आणि एक अंगणात ओतून देतो. लोक त्याचं दुःख मोठं आहे म्हणून त्याला एकटं सोडतात. असा एक महिना जातो. मग एक शेजारी येतो, काहीही न बोलता ओट्यावर बसतो आणि प्यायला पाणी मागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. शेवटच्या पानावर दोघांनी मिळून होडीसाठी लाकूड आणून टाकलंय, एवढंच आहे. होडी होते की नाही ते सांगितलेलं नाही.

वाचता वाचता मान वर केली तेव्हा भाई दारात उभा होता. हातात सामान काही नव्हतं. तो किती वेळ तिथं होता ते मी विचारलं नाही.

भाभी डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. मग ती म्हणाली, “त्या शेजाऱ्यानं महिना लावला.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “तुमी एवढे दिवस नका लावू, भाऊ.” बाजूच्या खाटेवरच्या आजीनं पदर डोळ्याला लावला.

फळ्यावरची ओळ मी पुन्हा सुरू केली, पण आता नावापुढं मी कितव्या पानावर आहे तेही लिहितो. लोक मजा घेतात. कंडक्टर म्हणतात, “भाऊ, चार दिस झाले, पान हललंच नाई.” मी म्हणतो, हात पुन्हा मोबाईलकडे गेला, काय करू. बोलणी खायची मला आता सवय झाली आहे.

भाभी त्यानंतर आठ महिने होती. कापसाची शेवटची वेचणी चालू होती तेव्हा गेली. दफनाला सगळी बाजारपेठ होती. तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारतीची दुआ झाली, पाहुणे गेले. चौथ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं आणि भाईच्या घरी गेलो. तो ओसरीत पलंगावर बसला होता. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

“भाई, पानी पाजा,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभा राहून तो सगळं ऐकत होता हे मला तेव्हा पक्कं समजलं. तो आत गेला आणि दोन गिलास घेऊन आला. एक त्यानं स्वतः प्यायला. भाभी गेल्यापासून आपणहून घेतलेलं हे पहिलं पाणी, असं नंतर त्याच्या बहिणीनं सांगितलं.

बराच वेळ आम्ही बसलो. मग त्यानं उशीखालून एक पुस्तक काढलं. तो तिला वाचून दाखवत होता ते. मध्यावर औषधाच्या खोक्याचा एक तुकडा खूण म्हणून घातलेला होता. त्यानं तिथं उघडलं, चष्मा लावला आणि मला विचारलं, “हे तुमचं वाचून झालं असंन न? फळ्यावर होतं, मागं.”

फळ्यावर होतं खरं. दोन-तीन वर्षांपूर्वी, ‘फार छान’ लिहून.

“नाई वाचलं, भाई,” मी म्हटलं. “आतापर्यंत काय झालं, मले काईच ठावं नाई.”

त्यानं खूण होती तिथंच राहू दिली, आणि पहिलं पान काढलं.