साळूबाईचा पाय रेषेवर होता

साळूबाई सोळा वर्षांची असताना तिनं आतल्या खोलीत बसून आपल्यावरूनच चाललेलं भांडण ऐकलं होतं. हात सुपातल्या तांदळात आणि कान ओसरीवर. शाळेच्या कबड्डी संघात तिचं नाव निघालं होतं. सामने सांगलीला, एक मुक्काम. आई चंद्राबाई, जी नवऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, ती त्या दिवशी उभी राहून बोलत होती.

"दोन दिसाचा तर प्रश्न हाय. शाळंतल्या बाई संगं हायती. जाऊ द्या की पोरीला."

"आन् हरून आली तर?" बाप गुंडा म्हणाला.

"हरली तर हरली. येईल घरला."

"हरली तर लोक हसतील. जिकली तर लोक बोलतील. मला दोन्ही नगं."

"मग लोकास्नीच पाठवा सांगलीला!"

यावर ओसरीवर तांब्या आपटला आणि भांडण संपलं. त्या घरातली भांडणं तांब्यावरच संपायची. साळूनं तांदूळ निवडून पुरे केले, त्यात एक खडा राहू दिला नाही. संघ सांगलीला गेला, आणि पुढच्या वैशाखात साळू तासगावला नवऱ्याच्या घरी गेली.

नवरा तानाजी फौजेत. वर्षातले दहा महिने तिकडं, दोन महिने इकडं, आणि इकडं असला की घराचीही पलटण करायचा. साळूनं सासू-सासरे शेवटपर्यंत सांभाळले, दोन पोरं वाढवली, ती आपापल्या वाटेनं शहरात गेली. मधल्या वीस वर्षांत ती बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जात राहिली. तानाजी हवालदार होऊन परत आला तेव्हा हुकूम द्यायला जवान उरले नव्हते, म्हणून दारात खुर्ची टाकून तो कोंबड्यांना द्यायचा. कोंबड्या ऐकायच्या नाहीत. साळूबाई ऐकायची.

शेडवर बायका लांब टेबलाला समोरासमोर बसत. पुढ्यात बेदाण्याचा ढीग, बाजूला ताट. काळा मणी, काडी, खडा काढून टाकायचा आणि चांगला माल ताटात सारायचा. तिथं एक रीत होती, कुणी घालून दिली कोण जाणे. आपण ताटात सारलेल्या मालात आपल्यालाच काळा मणी दिसला, तर "माझा काळा" असं मोठ्यानं म्हणून तो उचलायचा. मुकादम बघत असो की चहाला गेलेला असो. शिंक यावी तसं ते साळूबाईच्या तोंडून निघायचं.

शेडला लागून एक मैदान होतं. तिथं सकाळी बारा-चौदा पोरंपोरी प्लास्टिकची एक ताटली भिरकावत धावायची. खेळाला त्यांचं इंग्रजी नाव होतं, पण आख्ख्या तासगावात त्याला ताटलीच म्हणत. खेळ तसा सोपा. ताटली हातात आली की धावायचं नाही, जागेवरून आपल्या माणसाला फेकायची. मैदानाच्या टोकाला आखलेल्या पट्ट्यात आपल्या माणसानं झेलली की एक गुण. रेषेवर पाय पडला तर झेल गेला, ताटली समोरच्या संघाची.

एकदा ताटली कुंपणावरून येऊन शेडच्या जाळीवर पडली. साळूबाईला रिकामी ताटं मनगटाच्या झटक्यानं पलीकडच्या बाईकडं सोडायची सवय होती. तिनं तशीच ताटली सोडली. ती जमिनीला समांतर गेली आणि संघाचा कप्तान पृथ्वीराज याच्या छातीवर जाऊन बसली. पृथ्वीराजचं एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान.

"आयला! काकू, परत एकदा टाका की!"

"आधी तू परत हिकडं टाक, मग मी टाकते."

आठवड्याभरानं नूरीन घरी आली. सिकंदर टेलरची ही थोरली, बावीस वर्षांची, बापाच्या कात्रीहून धारदार जिभेची. तीन महिन्यांनी साताऱ्याला शनिवार-रविवारी सामने होते. मैदानात सात जण उतरवायचे, त्यात तीन बायका हव्यात असा नियम. नूरीन होती, क्रांती होती, तिसरीला घरच्यांनी अडवलं होतं.

"काकी, तुमी या. न्हाईतर आमाला साताऐवजी सहाच जण घिऊन खेळावं लागंल."

दारातून खुर्ची बोलली. "घरात ताटल्या कमी हायत व्हय? त्या घासायच्या सोडून साताऱ्याला उडवाय जाणार?"

"काका, घरातल्या उडवल्या तर तुमाला चालंल का?"

हवालदार हसला. हसला म्हणजे रजा मंजूर. साळूबाई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिला चषक नको होता, पेपरात नाव नको होतं. तिला फक्त कुठल्यातरी संघातली एक व्हायचं होतं, आणि ते होण्याचं वय कधीच निघून गेलंय असं ती धरून चालली होती. तिनं चहात साखर दोनदा घातली.

तीन महिने सराव झाला. पोरांच्यात ती आईच्या वयाची, पण धाप लागली तरी बसली नाही. अंगात संघाचा निळा सदरा, खाली सलवार, आणि पायात हवालदाराचे तपकिरी कॅनव्हासचे बूट, दोन नंबर मोठे, पुढं चिंध्या कोंबलेले. नवे घेऊ असं तो म्हणाला नाही आणि तिनंही मागितले नाहीत.

पहिल्याच दिवशी पृथ्वीराजनं सगळ्यांना गोल बसवून सांगितलं होतं, "काकू, ह्या खेळात पंच नसतोय. चूक झाली तर ज्याची त्यानंच सांगायची. हाच ह्या खेळाचा जीव हाय."

"मग आमच्या शेडवाणीच की," साळूबाई म्हणाली. तिला तो खेळ तिथंच कळला. बाकीचं नुसतं धावणं होतं.

साताऱ्यात शनिवारी भिरभिरे, म्हणजे तासगावचा संघ, तीनही सामने जिंकले. दुसऱ्या गावांची पोरंसुद्धा कडेला उभी राहून "काकू! काकू!" ओरडत होती. साळूबाईनं आयुष्यात एवढ्या मोठ्यानं आपल्याला हाक मारलेली ऐकली नव्हती, ती सुद्धा काही आणून द्यायला नाही. रविवारी सकाळी तिनं तानाजीला फोन केला.

"काय करतीस?"

"खेळतीया."

"गुडघं?"

"हायत जाग्यावर."

दुपारी अंतिम सामना, साताऱ्याच्याच संघाशी. जिंकणाऱ्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. दहा-दहा झाले, वेळ संपली, आता जो पुढचा गुण करील त्याचा सामना. नूरीननं लांबून ताटली सोडली. साळूबाई पट्ट्याच्या कोपऱ्याकडं पळाली, पळता पळता वाकली आणि जमिनीपासून वीतभर वर ती दोन्ही हातांत धरली.

मग नुसता दंगा. क्रांती येऊन गळ्यात पडली. वसीम, सगळ्यात उंच पोरगा, मैदानात उलटा लोळला. साळूबाईनं खाली बघितलं. तपकिरी बुटाचं टोक फक्कीनं पांढरं झालं होतं आणि तिथली रेषा पुसली होती.

"माझा काळा," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. मग तिचं तिलाच भान आलं. "माझा पाय रेषेवर हुता. झेल न्हाई धरायचा."

पृथ्वीराज धावत आला. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून तो तिच्या कानाशी बोलला. "काकू, गप. कुणी बघितलं न्हाई."

"मी बघितलं न्हवं."

"तुमचं बोट आत हाय. नुस्ता बूट पुढं हाय. बूट म्हंजी पाय न्हवं."

"बूट घालूनच खेळले न्हवं मी?"

"आवं काकू…"

"तूच म्हणला हुतास, ज्याची त्यानं सांगायची."

"ते शिकवताना म्हणायचं असतंय!"

तोवर समोरचा कप्तान आला. त्यानं विचारलं, नक्की का? साळूबाईनं बुटाचं टोक पुढं केलं. त्यानं हात जोडले, ताटली घेतली, आणि पाच फेकीत त्याच्या संघानं आख्खं मैदान पार केलं. अकरा-दहा.

बक्षिसांच्या वेळी एक चषक वेगळा काढला होता, खिलाडूवृत्तीचा. कुणाला द्यायचा हे बाकीच्या संघांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. सगळ्या चिठ्ठ्या तासगावच्या निघाल्या. आणि जाहीर झालं की, हा चषक मिळवणाऱ्या संघालाही पुण्याचं आमंत्रण आहे. मघाशी डोकं धरून बसलेली पोरं टुणकन उठली. पृथ्वीराजनं चषक घेतला आणि माइकवर सांगितलं, "आमच्या संघात आम्ही पहिल्या दिवसापासून हेच शिकवतो." टाळ्या पडल्या. शिकवतो हे खरंच होतं. साळूबाईनंही वाजवल्या.

मग फोटो. सगळे ओळीत उभे राहिले, काढायला कुणी उरलं नाही. "काकू, जरा फोन धरा की," पृथ्वीराज म्हणाला. तिनं धरला. तिसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, चांगला स्वच्छ, एकही माणूस हललेला नाही.

परतीच्या एसटीत मागच्या बाकावरून वसीमचा आवाज आला. "दोन वर्सं घातली आपण. आन् एका बुटापायी फायनल गेली."

"गप रं," नूरीन म्हणाली. पण ती साळूबाईच्या शेजारी बसली असूनही कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. कराडला साळूबाईनं भडंगाची पुडी घेतली आणि मागं पाठवली. पुडी रिकामी झाली, पण मागून "काकू" अशी हाक काही आली नाही.

सोमवारी संघाच्या ग्रुपवर मेसेज आला. साळूबाईला फोनवरचं बारीक वाचायला वेळ लागायचा, म्हणून तानाजीनं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. पुण्याच्या स्पर्धेचा दर्जा वेगळा आहे, वेग लागेल. तिसरी खेळाडू म्हणून नूरीनची मावसबहीण कशिश, सांगलीची, धावण्यात कॉलेजमध्ये पहिली आलेली, ती संघात येत आहे. साळूबाई काकू यापुढे आमच्या मार्गदर्शक राहतील. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्यात नूरीनचेही.

"मार्गदर्शक झालीस," तानाजी म्हणाला. "बढती हाय ही. आमच्यातबी माणूस नकोसा झाला की बढती देऊन कागदावर बसवायचे."

साळूबाईनं चुलीत लाकूड सारलं.

"पंच न्हवता तिथं तू कशाला पंच झालीस?"

"पंच न्हवता म्हणूनच की."

त्यानं चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाला, "बूट मोठं हुतं. माझ्या ध्यानात याया पायजे हुतं." एवढं म्हणायला त्याला तीस वर्षं लागली होती, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. तरी तिनं त्याला चहा दिला, साखर बेताची.

संघाचे सदरे तिच्याकडंच होते. दर आठवड्याला तीच धुवायची. कुणी तसं ठरवलं नव्हतं. एकदा पृथ्वीराज पिशवी तिच्या ओट्यावर ठेवून गेला होता आणि तेव्हापासून ते तिचं काम झालं होतं. मंगळवारी तिनं चौदा सदरे भिजत घातले. साताऱ्याची लाल माती लवकर सुटेना, दोन पाणी जास्त लागली. वसीम लोळला होता त्याच्या सदऱ्याची बगल उसवली होती, तिथं तिनं निळा दोरा शोधून टाका घातला. स्वतःचा सदरा तिनं वेगळा काढला नाही. सगळ्यांबरोबर पिळला, सगळ्यांबरोबर वाळत घातला, घडी घालताना तो मधेच कुठंतरी गेला.

बुधवारी शेडवर जाता जाता ती पृथ्वीराजच्या दुकानात शिरली. तो कुणाच्या तरी फोनची काच बदलत होता. काचेच्या कपाटावर चषक ठेवलेला, त्याला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.

"या काकू. मेसेज बघितला न्हवं? राग न्हाई न्हवं?"

"धुणं आणलंय."

"आवं, आता कशाला तरास घेतला…"

"चौदा हायत. मोजून घे."

"मोजायचं काय त्यात." त्यानं पिशवी उघडली, वरच्या दोन-तीन घड्या चाळल्या. "ह्यात तुमचाबी हाय की. तुमचा ऱ्हाऊ द्या तुमाला. आठवण म्हणून."

"चौदाच शिवल्यात. मग ती काय घालंल?"

पृथ्वीराजनं काचेकडं बघितलं.

"कशिश उंच हाय म्हणत्यात, बाह्या आखूड पडतील," साळूबाई म्हणाली. "सिकंदर टेलरला म्हणावं, आत दोन बोटं कापड सोडल्यालं हाय, शिवण उसवली की झालं. आन् वसीमला सांग, बगलंत टाका घातलाय, वढून काढू नगं."

तिनं पिशवी रिकामी करून घेतली, चार घड्या घालून काखेत मारली, आणि आठच्या आत शेडवर पोचायचं म्हणून झपाझप निघाली.