अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने यंत्रयुग

कबूल करते. तेहेतीसच्या वेगाची तबकडी मी अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने वाजवली. तेवढ्यावर थांबले असते तर ती साधी चूक झाली असती. मी तिच्यावर व्याख्यान दिलं.

साठचं दशक सरत आलं होतं. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठीची हंगामी शिक्षिका होते. जूनपासून एकच जागा कायम व्हायची होती आणि तिच्यावर डोळा दोघींचा, माझा आणि शिवणाच्या बाईंचा. त्यांना मी खिजगणतीतही धरत नव्हते. त्या काठ दुमडायला शिकवायच्या. मी युरोपबद्दल बोलायचे. पश्चिमेकडे माझी स्वतःची मजल शेगावपर्यंत.

मैत्रिणीच्या भावाने जर्मनीहून ती तबकडी आणली होती. तिकडच्या चार-पाच पोरांनी कारखान्यातली खडखड आणि विजेच्या यंत्रांचे आवाज जोडून केलेली. ना गाणारा, ना तबलजी. शाळेच्या रेकॉर्ड प्लेअरला वेगाची एक कळ होती, शेजारी मिनिटाला किती फेऱ्या त्याचे आकडे लिहिलेले, पण शाळेतल्या सगळ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्या, त्यामुळे कळ तिथेच गंजलेली. मी तबकडी लावली तर आतून नुसती चिरचिर, जणू माळ्यावर उंदरांची शर्यत. वेष्टनावर बावीस मिनिटं लिहिलेली बाजू नऊ मिनिटांत संपली. मला वाटलं, जर्मन लोक, लवकर आटोपत असतील.

व्याख्यानाला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पहिल्या रांगेत बसल्या. कायम कुणाला करायचं ते त्याच ठरवणार होत्या. आणि नेमके अकोल्याहून बाबा आले. ते तिथल्या जिनिंग कारखान्यात फिटर. नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल पडलाय ते सांगायचे. शाळेत मात्र मी सांगून ठेवलं होतं, 'वडील कापसाच्या व्यवसायात असतात.' खोटं कुठे होतं? कापूस त्यांच्या कानांतल्या केसांवरही असायचा.

"बाबा, तुमी मांगं बसा. तिथं पंखा आहे."

"बसतो नं. पण मी मशीनचं आयकाले आलो, पंखा खाले नाई."

मग तबकडी चालू ठेवून मी सुटले. आधुनिक माणसाची धाप, काळाचा चाबूक, काय काय! "या संगीतात विसावा नाही!" असं म्हणून मूठसुद्धा आवळली. शेवटी ऐटीत विचारलं, कुणाला काही शंका?

मागून बाबा उठले. "बाईसाहेब, हे मशीन दुपटीच्या वर पळून राहिलं. आमची जिन अशी पळाली तं कापूस पेटते."

मी मंद हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते. "काही श्रोत्यांना नवं संगीत पचायला वेळ लागतो," मी म्हणाले. बापाला श्रोता म्हणाले!

पण मोठ्या बाई म्हणाल्या, "या, दाखवा बरं."

बाबा पुढे आले, वाकून तबकडी पाहिली आणि अंगठ्याने कळ सरकवली. माझं यंत्रयुग एकदम म्हशीसारखं रवंथ करायला लागलं. घूंऽऽ... थांब... घूंऽऽ. मागच्या बाकावरून एक कार्टी ओरडली, "बाई, आता विसावाच विसावा!" सगळा वर्ग फुटला.

मोठ्या बाईंनी बाबांना विचारलं, "आपण कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वेष्टनाची घडी नीट करत होते. वेष्टनाला घडी नसते.

"फिटर," ते म्हणाले. "अकोल्याचा."

जागा शिवणाच्या बाईंना मिळाली, आणि बरोबरच मिळाली. पण ते पुढे जूनमध्ये. त्या दिवशी मी बाबांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. अकोल्याची गाडी लागली, त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाले:

"बाप सांगाची लाज वाटते तं नको सांगू, माय. पण मशीनवर काय लिवलं हाय, ते तं वाचत जाय."