लाल दोऱ्याचं रीळ

दादाचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी मेथी निवडत होते. "तायडे, तुझी वहिनी गेली..." एवढंच म्हणाला. मला रडू आलं, आणि रडता रडताच मनात आलं, आता दोरा कोण बांधणार? लाज वाटली, पण खरं ते लिहायला हवं. तीस वर्षं मी त्या बाईवर जळत होते.

खडकवासल्याच्या पलीकडे, डोंगरउतारावर आमचं गाव. तिथे नाचणी पिकली की कापणीआधी घरातली एक बाई उभ्या पिकातून हिंडते आणि बियाण्यासाठी निवडलेल्या कणसांना लाल दोरा बांधते. ती कणसं कुणी खात नाही, विकत नाही. आमच्या घरात हा मान आईचा. ती थकली तेव्हा तिने रीळ वहिनीच्या हातात दिलं. पोटची मुलगी मी, शेजारीच उभी होते! "तू काय बाई, पुण्याची," आई म्हणाली. जणू मी हौसेने गेले होते. लग्न तर तिनेच लावून दिलं.

एका संक्रांतीला माहेरी गेले असताना चुलीवर टांगलेली ती कणसं मी रागारागाने उतरवली, मळली, दळली आणि भाकऱ्या करून सगळ्यांना वाढल्या. वहिनीने पहिला घास घेतला, वर पाहिलं... "ग्वाड झालीया, वन्सं," म्हणाली आणि भाकरी संपवली. आईला तिनेच सांगितलं, कणसं उंदरांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बियाणं मागायला डोंगर उतरून स्वतःच्या माहेरी गेली. भांडली असती तर मला किती बरं वाटलं असतं! पुढे दरवर्षी तिच्याकडून पुण्याला नाचणीचं पीठ यायचं. पीठच, दाणा कधीच नाही.

गेल्या आठवड्यात दादाने बोलावलं. "ती सांगून गेली हाय, औंदा दोरा तायडीनं बांधायचा." रीळ हातात आलं. ऊर भरून आला, आणि हो, जिंकल्यासारखंही वाटलं. पिकात शिरले, तर सगळी कणसं सारखीच. दादाला विचारलं. "मला काय ठावं? त्ये तिलाच ठावं," तो म्हणाला. मग बांधावर उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे बघत, "सूनबाई हिंडायची तिच्यासंगं. तिला दे की."

इतकी वर्षं मान मागत राहिले. कणीस ओळखायचं कसं, हे वहिनीला एकदाही विचारलं नाही. "उद्या बघू," म्हणून मी रीळ पिशवीत टाकलं आणि पुण्याला निघून आले.

सोमवारी कापणी आहे. रीळ इथे ओट्यावर पडलंय. मला बांधता येत नाही, आणि सूनबाईच्या हातात द्यायला अजून मन होत नाही...