मापाड्याच्या गाडीतली हवा

कळमन्याच्या बाजारात आनंदरावांच्या नजरेला काट्याइतका मान होता. मिरचीचं पोतं दुरून पाहिलं की ते वजन सांगत, आणि मग इलेक्ट्रॉनिक काटा बापडा त्यांचंच म्हणणं खरं करी. निदान ते स्वतः तसं सांगत. मापाडी म्हणून उभी हयात गेली, पण मोजणीची जुनी रीत त्यांनी मोडली नाही. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. घरी ताटात पडलेली पहिली पोळीसुद्धा लाभच. बायको, प्रेमिलाबाई, यावरून त्यांना चिडवून बेजार करायच्या.

रविवारी दोघं मोटारसायकलवर मनीषनगरला लेकीकडे, मेघाकडे, जात. मागे बसून प्रेमिलाबाई वाटभर बोलत. हेल्मेटमुळे आनंदरावांना निम्मं ऐकू यायचं नाही, पण 'हो' मात्र ते वेळच्या वेळी म्हणत.

मग प्रेमिलाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले भेटले, टाके सुकले, चालणं सुरू झालं. पुढे डॉक्टरांनी गाडीवर बसायलाही परवानगी दिली, फक्त दणके नकोत म्हणाले. म्हणजे हो म्हणता म्हणता नाहीच म्हणाले की! एकदा बसून पाहिलं, तर गल्लीच्या तोंडच्या ब्रेकरवरच प्रेमिलाबाई कळवळल्या. ऑटोत तर त्याहून हाल.

"मेघा येते ना इकडं," त्या म्हणाल्या. "तुमी इकून टाका ते गाडी."

आनंदरावांनी ते कानाआड केलं. पण मागची सीट रिकामी घेऊन फिरणं त्यांच्या जिवावर यायचं. ही पुन्हा आपल्या मागे बसणारच नाही की काय, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

लकडगंजात सौरवचं गॅरेज होतं. पोरगा हुशार आणि तोंडानं गोड. त्यानं उपाय काढला: मागचे स्प्रिंगचे शॉकअप काढायचे आणि हवेचे टाकायचे. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे पंपानं हवा भरायची. कमी पडली तर गाडी बूड टेकते, जास्त झाली तर पाटासारखी ताठ होते. त्यानं गाडी स्टँडवर घेतली, जुने शॉकअप उतरवून नवे चढवले, हवेची नळी सायलेन्सरपासून लांब बांधली आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. एकही आला नाही.

"काका, काकूचं वजन किती?"

"पासष्ट."

"मोजलं का? अंदाजानं नाई भरत मी हवा."

"अंदाज लोकायचा असते बावा," आनंदराव म्हणाले. "माह्यं वजन असते."

संध्याकाळी त्यांनी प्रेमिलाबाईंना मोठ्या तोऱ्यात मागे बसवलं. गल्लीच्या तोंडाशी तोच ब्रेकर. दणका असा बसला की जुने शॉकअप परवडले. प्रेमिलाबाई उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून घराकडे चालू लागल्या.

आनंदरावांनी फोनवर सौरवला नको नको ते ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "काका, गाडी ताठ लागून राहिली म्हणजे हवा जास्त झाली. एकदा काकूले काट्यावर घ्या ना."

मापाड्याला काटा दाखवतो! आनंदराव रात्रभर धुमसले. पण सकाळी, लिलाव सुरू व्हायच्या आत, प्रेमिलाबाईंना हळूहळू चालवत जवळच्याच बाजारात घेऊन गेले.

"मले काय मिरचीचं पोतं समजता का तुमी?" असं म्हणत का होईना, त्या आल्या. जुन्या ओळखीच्या रवींद्र हमालानं हात देऊन त्यांना काट्यावर चढवलं आणि तो बाजूला झाला.

काट्यानं अठ्ठेचाळीस दाखवले.

"काटा बिघडला का गा, आनंदराव?" रवींद्रनं विचारलं.

प्रेमिलाबाईंना उतरवून आनंदरावांनी काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. मग त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. बांगड्या कोपराकडे घसरत होत्या, ब्लाउजला दोन्ही बाजूंनी टीप घातली होती. इतके महिने ते रोज 'दुखते का?' विचारत आणि 'नाई' आलं की भीतीनं नजर काढून घेत. दवाखान्यातली वजनंबिजनं मेघाच पाहायची. पासष्ट किलो ऑपरेशनच्या आधीच्या प्रेमिलाचे होते.

रीतीप्रमाणे आता 'लाभ' म्हणायचं. पण तुटीला 'लाभ' कसं म्हणायचं? शरम वाटली, फार वाटली. पण तिच्या मागोमाग दुसरंही काही दाटून आलं. सतरा किलो गेले, पण ही राहिली. ही समोर उभी आहे, आणि आपल्यालाच रागवायच्या बेतात आहे. ज्या कुणाचे आभार मानायचे असतात त्या सगळ्यांचे, डॉक्टरांपासून काट्यापर्यंत, त्यांनी मनातल्या मनात मानले.

"तोंड काहून पाडलं? कमी भरली का मी?"

"कमी नाई वं," आनंदराव कसंबसं म्हणाले. "मीच चुकलो."

सौरव स्वतः पंप घेऊन घरी आला. चुकूनही हसला नाही. त्यानं फुस्सकन हवा सोडली, दोघांना बसवून गाडी किती दबते ते पाहिलं, पुन्हा थोडी भरली.

"भलं होवो तुह्यं," आनंदराव म्हणाले. "काल लय बोललो तुले."

"चालते काका. आधी काकूले फिरवून आणा."

रविवारी पुन्हा तो ब्रेकर आला. आनंदरावांनी श्वास रोखला, मुठी आवळल्या. गाडी अलगद दबली, अलगद वर आली. मागून आवाजच नाही.

"दुखलं का वं?"

"काहून? मी तर ब्रेकरची वाट पाहून राहिली. आला नाई का अजून?"

"मागं गेला."

प्रेमिलाबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजारातल्या मापाड्याच्या सुरात पुकारलं, "लाभ!"

हे मात्र आनंदरावांना हेल्मेटमधूनही स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी काच वर केली, वाऱ्यावर डोळे सुकू दिले, आणि पुढच्या ब्रेकरवरून गाडी उतरताच मोठ्यानं म्हणाले, "दोन!"