इथून इथपर्यंत

आमच्या शाळेत उत्तराला कंस घालायचे असत. मॅडम वर्गात येत, पुस्तक उघडायला लावत आणि म्हणत, "क्वेश्चन थ्री. पेन्सिल घ्या. हिअर टू हिअर." धड्यातल्या त्या ओळींना आम्ही सुरुवातीला एक कंस घालायचो आणि शेवटी एक. घरी जाऊन कंसातलं पाठ करायचं, परीक्षेत तेच उतरवायचं. विंचूरला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमागं असलेली ती इंग्लिश मीडियम शाळा. बहुधा मॅडमही तशाच शिकल्या असाव्यात. एखादी मुलगी गैरहजर राहिली तर दुसऱ्या दिवशी ती एवढंच विचारायची, "कुठून कुठे?"

आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते, वडील तिथंच गाड्या भरतात. दोघांनी मला त्या शाळेत घातलं ते एकाच कारणासाठी, की पुढं कॉलेजात अडायला नको. मी अडले ती कॉलेजातच.

नाशिकला फार्मसीला प्रवेश मिळाला, मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागाही मिळाली. पहिल्या वर्षी शरीरशास्त्र राहिलं. राहिलेला विषय घेऊन दुसरं वर्ष करता येतं, तिसऱ्याला जाता येत नाही. यंदा तो सुटला नाही तर वर्ष जाणार, वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाणार, आणि खोली भाड्यानं घेऊन मला शहरात ठेवणं आमच्या घराला जमणारं नाही.

कॉलेजात सर पडद्यावर चित्रं दाखवत, बोलत आणि निघून जात. कुठून कुठे, ते कोणी सांगत नसे. मी जाड पुस्तक समोर घेऊन पेन्सिल हातात धरून बसायची आणि यातलं उत्तर कोणतं तेच मला कळायचं नाही. मग भीतीनं अख्ख्या पानाला कंस घालायची. विचारायचं तर भरल्या वर्गात उभं राहावं लागलं असतं. शिवाय हिचं इंग्रजी चांगलं आहे असं सगळ्यांना वाटायचं. मी ते वाटू दिलं.

माझ्या खोलीतली मुलगी सुरगाण्याकडची. आश्रमशाळेत, मराठीत शिकलेली. तिचाही हाच विषय राहिला होता. संध्याकाळी जेवणाची घंटा होईपर्यंत मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, ती ऐकायची.

"हृदयाच्या डाव्या बाजूची भिंत उजवीपेक्षा जाड असते," एकदा मी सांगितलं.

"का पण?"

"का म्हणजे? असते."

"तुला नाय म्हाईत? इंग्लिश मीडियमची ना तू!"

"पुस्तकात एवढंच दिलंय."

ती उशी मांडीवर घेऊन मूठ आवळत, सोडत बसली. मग म्हणाली, "उजवीकडून रक्त फुफ्फुसात जातंय ना? ते तर शेजारीच हाय. आन् डावीकडून पार पायाच्या बोटापर्यंत ढकलायचं. जोर लागंल का नाय? म्हणून जाड."

"असेल," म्हणून मी पान उलटलं.

"असेल काय! हापसा मारलास का कधी? माझा दंड बघ." तिनं खरंच बाही वर करून दाखवली. आम्ही दोघी हसलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून बाई आल्या होत्या. टेबलावर हृदयाचा लाल-निळा नमुना होता. त्यांनी त्याच भिंतीवर बोट ठेवलं. मी पुस्तकातलं वाक्य न अडखळता म्हणाले.

"गुड. अँड व्हाय?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. बाईंनी चष्मा काढला. "घाबरू नकोस. मराठीत सांग, तुझ्या शब्दांत. का जाड असते?"

उशी, मूठ, पायाचं बोट, सगळं मला दिसत होतं. पण ते पुस्तकात नव्हतं. ते एका मुलीनं पलंगावर बसून, हापशाच्या गप्पा मारत काढलेलं होतं. ते उत्तर असू शकतं असं मला वाटलंच नाही. खरं उत्तर मी न वाचलेल्या कुठल्यातरी पानावर असणार, आणि हे सांगितलं तर बाई हसतील, असं वाटलं. मी नमुन्याकडे बघत उभी राहिले. पुढच्या प्रश्नांनाही तसंच झालं. शेवटी बाई म्हणाल्या, "जा बाळ."

बाहेर ती थांबली होती. "तुला काय इचारलं?"

"डाव्या बाजूची भिंत."

ती जागच्या जागी उडालीच. "आपलीच की गं! सांगितलंस ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

निकाल लागला. ती सुटली, मी राहिले. ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली, पण त्या भिंतीबद्दल तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. वॉर्डन मॅडमनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

नाशिकच्या द्वारका चौकात येवल्याकडची बस पकडली. घरी पोचल्या पोचल्या सांगायचं, असं ठरवलं होतं. आई भाकरी थापत होती. धाकटी बहीण माझ्याच शाळेत जाते. ती पुस्तक घेऊन धावत आली.

"ताई, टीचर आज आल्याच नाय. मार्किंग राहिलं. हे कुठून कुठे, सांग ना."

झाडाला मुळं कशाला लागतात, असा प्रश्न होता. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं पुस्तक माझ्या आणखी जवळ सरकवलं. "मला काय वाटायचंय? उद्या टेस्ट हाय. चुकलं तर हातावर मारतात."

"सांग गं तिला," आई म्हणाली. "तू सुट्टीला येणार म्हणून तर आता शिकवणी नाय लावली. आन् तुझं कॉलेज कधी उघडतंय?"

मी पेन्सिल घेतली. एक कंस वर घातला, एक खाली. बहीण लगेच पुढं-मागं डोलत पाठ करायला लागली.

"अगं, कधी उघडतंय?" भाकरी तव्यावर टाकून आई माझ्याकडे वळली.

मी तोंड उघडलं. सुरुवात कुठून करायची, ते मला कळेना.