साळूआत्याची खोली

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आमच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधलेली नाही. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि कुणी भूत पाहिल्याचं सांगितलं की आधी विचारते, चष्म्याचा नंबर तपासला का? तरीही हे लिहितेय... कारण यात मी एकटी नव्हते. आम्ही तिघं होतो, आणि त्यातला एक तर पुण्यात बसलेला होता.

आम्ही गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला राहतो. मिस्टरांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मागच्या उन्हाळ्यात माझी स्कूटी घसरली, पाय मोडला, प्लास्टर लागलं. ट्यूशन बंद. माझा धाकटा भाऊ महेश पुण्याला नोकरीला आहे. वेळ जावा म्हणून त्यानं माझ्या लॅपटॉपवर एक ऑनलाइन गेम टाकून दिला. राजे, जादूगार, ड्रॅगन — असलं सगळं. मारामारीत मला रस नव्हता. पण त्यात ‘बांधकाम’ नावाचं एक कौशल्य होतं, ते मला आवडलं. फळ्या आणायच्या, खिळे घ्यायचे, खुर्ची करायची, मोडायची, परत करायची. प्रत्येक वेळी पॉइंट मिळतात. लेव्हल वाढली की नव्या खोल्या, नव्या वस्तू करता येतात. घर आपलं असतं, आणि दुसरे खेळाडू पाहुणे म्हणून आत येऊ शकतात.

दुपारभर मी तेच करायचे. महेश एकदा माझ्या गेममधल्या घरी येऊन गेला आणि त्यानं लगेच फोन केला.

“ताई, कसलं येडं घर बांधलंस? पाण्याचा हौद कुणी दारातच ठेवतं का? अन् चुलीपाशी जायला एवढा वळसा कशाला?”

मी काही ठरवून बांधलं नव्हतं. हात जाईल तिथं भिंत, हात जाईल तिथं दार... असं होत गेलं होतं.

दोन-चार दिवसांनी सासूबाई चहा घेऊन आल्या. एरवी त्या लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या दिवशी कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

“हे कुणाचं घर लावलंस?”

“कुणाचं नाही आई, गेम आहे. मीच बांधलंय.”

“तू?” त्या खाली बसल्या. “इथून आत जा.” मी गेले. “आता उजव्या अंगाला. तिथं मधी खांब हाय का?”

खांब होता. मीच लावला होता, कावून ते माहीत नाही. (बघा, ‘का’ म्हणायच्या ऐवजी सासूबाईंचा शब्द माझ्याही तोंडात आला.)

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे माझं माहेर हाय, पोरी.”

सासूबाईंचं माहेर धरणात गेलंय. माझं लग्न होऊन या घरात येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा त्या परकर घालायच्या वयाच्या होत्या. त्या घराचा फोटो कुणाकडे नाही, आणि माहेराबद्दल सासूबाई आमच्यापुढे कधी चकार शब्द काढत नाहीत. मला त्या गावाचं नाव तेवढं माहीत होतं.

मी म्हटलं, योगायोग असेल. माळवदाची घरं सगळी सारखीच. जाता जाता त्या दारातून वळून म्हणाल्या, “मागली खोली तेवढी बांधू नको.”

मी बांधली नव्हतीच. माझ्या नकाशात चुलीच्या मागे सरळ भिंत होती आणि भिंतीपलीकडे गवत.

त्याच आठवड्यात महेश परत गेममध्ये आला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, सासूबाई बाजूला शेंगा फोडत होत्या.

“ताई, मागच्या खोलीत मोलकरीण ठेवलीस का?”

“मागची खोली कुठली? तिथं भिंत आहे.”

“अगं मी आतच उभाय. कसा आलो ते कळंना, दार तर कुठंच दिसत न्हाई. पण एक बाई बसलीय हितं. क्लिक केलं तरी काही होत न्हाई. बोलत न्हाई.” मग तो हसला, पण ते हसू खोटं वाटलं. “ताई... या गेममध्ये साडी कुठून आणलीस?”

त्या गेममध्ये साडी नाही. झगे आहेत, चिलखतं आहेत. माझ्या स्क्रीनवर महेशचं पात्र भिंतीपलीकडे गवतात एकटंच उभं होतं.

शेंगांचा आवाज थांबला. सासूबाईंनी फोनकडे तोंड करून विचारलं, “बाळा, बसलीय कशी ती?”

“एक पाय लांब करून, मावशी. डोक्यावरून पदर. भिंतीकडं बघतीय.”

“गुडघा दुखायचा तिचा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी साळूआत्याचं नाव घेतलं. सासूबाईंच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर लगेच विधवा झाली आणि माहेरी परत आली, ती कायमची. मागची खोली तिची. गाव उठायची वेळ आली तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाड्यांत भरल्या. साळूआत्या खोलीला आतून कडी लावून बसली. शेवटी दार मोडून तिला उचलून नव्या गावात आणली.

“त्या दिवसापासून ती बोललीच न्हाई. नव्या घरात पाऊल ठेवलं न्हाई. अंगणात बसायची, धरणाकडं तोंड करून. अन् एका सकाळी अंथरूण मोकळं. लई हुडकलं. विहिरी बघितल्या, नांदूरघाटापतोर पावण्यारावळ्यांकडं माणसं गेलती. न्हाई घावली.” त्यांनी शेंगांचं टोपलं बाजूला सरकवलं. “मला तवाच कळलं होतं, ती घरी गेली. पण पोरीचं कोण ऐकतंय?”

मी लॅपटॉप बंद केला. खरं सांगते, परत उघडायचाच नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईच तो उचलून माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “तिला दार करून दे.”

मागच्या भिंतीत दार काढायला बांधकामाची लेव्हल बरीच वर लागत होती. मग सुरू झालं ते वेगळंच. मी टेबल करायचे, मोडायचे, करायचे, मोडायचे. शेजारी सासूबाई. ना टीव्ही, ना शेजारणी. “फळ्या संपल्या का?” “अजून किती ऱ्हायलं?” मिस्टर म्हणाले, दोघींना याड लागलंय. मला तेव्हा भीती वाटत नव्हती, ते सासूबाईंमुळे. भिंतीशी बोलावं तसं त्या अधूनमधून स्क्रीनशी बोलायच्या — “थांब आत्या. व्हतंय.”

लेव्हल आली तेव्हा टळटळीत दुपार होती. मी महेशला फोन लावला. तो नको-नको म्हणत होता, मग आला. त्या दुपारीही तो थेट आतच जाऊन पोचला.

मी भिंतीवर क्लिक केलं आणि दार लावलं. माझ्या स्क्रीनवर त्या दारातून फक्त गवत दिसलं.

पलीकडून महेश हळूच म्हणाला, “उठली.”

सासूबाईंनी माझा दंड धरला.

“दारापाशी आलीय... वाकली. उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला. ताई, माझ्या अंगावरून गेली ती. चुलीजवळून, खांबाजवळून... बाहेर गेली. अंगण ओलांडलं.” आणि मग एकदम, “ताई, खोली न्हाई. मी गवतात उभाय.”

सासूबाई रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला उठल्या.

महेशनं तेव्हा स्क्रीनशॉट काढले होते. सगळ्यांत तो गवतात एकटा आहे. त्यानं गेम काढून टाकला, आणि त्या दुपारबद्दल तो अजूनही नीट बोलत नाही. साळूआत्याचं नाव त्यानं आधी ऐकलं असणं शक्य नाही, मीच ऐकलं नव्हतं. गेमवाल्यांना ईमेल केला, तर तुमच्या घरात तशी खोली कधी नव्हतीच असं उत्तर आलं. ते घर माझ्या हातून का बांधलं गेलं? न पाहिलेला खांब मी बरोबर जागेवर कसा लावला? मी खूप डोकं लावलं. नाही सुटत.

पितृपक्षात सासूबाईंनी नव्या गावातल्या त्यांच्या भावाला फोन लावायला सांगितला. म्हणाल्या, “सर्वपित्रीला साळूआत्याचं पान वाढ.”

फोन स्पीकरवर होता. मामा म्हणाले, “अक्का, मी दर साली म्हणतोय तर तू वाढू देत न्हाईस. ती घरी बसलीय म्हणतीस. आता कावून?”

“आता ती घरात न्हाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला.